धावपट्टी राज्याची, किल्ली दिल्लीची

विमानतळाची कोनशिला मंत्र्यांच्या हस्ते बसते, फीत मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान कापतात. विमान मात्र परवान्यावर उतरते. हा परवाना देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची सूत्रे सांभाळणारे भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची मुख्यालये दिल्लीत सफदरजंगच्या जुन्या विमानतळापाशी अगदी समोरासमोर आहेत. अमरावती, शिर्डी, सोलापूर, नांदेड, पुरंदर ही नावे महाराष्ट्रातील प्रचारसभांत जितक्या मोठ्या आवाजात घेतली जातात, तितक्याच शांतपणे ती या दोन इमारतींतल्या फायलींवर वर्षानुवर्षे पडून असतात. मग मुंबईत म्हटले जाते की दिल्लीने अडवले, आणि दिल्लीत म्हटले जाते की राज्याने त्रुटी दूर केल्या नाहीत. दोन्ही विधानांत थोडे थोडे तथ्य असते. त्यामुळे दोन्ही बाजूंची सोय होते, आणि प्रवासी गोवा एक्स्प्रेसच्या किंवा सचखंड एक्स्प्रेसच्या प्रतीक्षायादीत आपले नाव शोधत राहतो.

या साऱ्या व्यवहारात ज्या संस्थेकडे सर्वांत आधी पाहायला हवे, तिच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते. ती म्हणजे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. राज्य सरकारच्या मालकीची, मुख्यमंत्री जिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि सनदी अधिकारी जिचा कारभार पाहतात, अशी ही कंपनी २००२ साली स्थापन झाली. नावात ‘विमानतळ’ आहे, ‘विकास’ आहे आणि ‘कंपनी’ही आहे. या तीन शब्दांपैकी नेमका कोणता शब्द तिचा स्वधर्म आहे, याचा निर्णय मात्र वीस वर्षे उलटल्यावरही झालेला नाही. राज्यातील प्रादेशिक विमानतळांच्या दुखण्याचे मूळ या अनिर्णयात आहे.

घटनात्मक चौकट आधी स्पष्ट करायला हवी. सातव्या परिशिष्टातील संघ सूचीच्या २९ व्या नोंदीनुसार हवाई मार्ग, विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळांची तरतूद हे विषय केंद्राचे आहेत. जमीन आणि पोलीस मात्र राज्याचे. म्हणजे विमानतळासाठी जमीन संपादित करायची राज्याने, शेतकऱ्यांचा रोष पत्करायचा राज्याने, रस्ता, पाणी, वीज आणि बंदोबस्त पुरवायचा राज्याने. पण धावपट्टी वापरण्यायोग्य आहे की नाही, रात्री विमान उतरू शकते की नाही, सुरक्षेची व्यवस्था पुरेशी आहे की नाही, हे ठरवायचे केंद्राच्या यंत्रणांनी. जागेला मंजुरी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची, पर्यावरण आणि वनविषयक परवानगी पर्यावरण मंत्रालयाची, हवाई दलाचा तळ जवळ असेल तर संरक्षण मंत्रालयाची संमती, सुरक्षेचा आराखडा नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाचा. ही व्यवस्था अन्यायकारक आहे असे म्हणता येणार नाही. आकाश एकच असते आणि त्याला जिल्ह्यांच्या सीमा नसतात. मात्र या व्यवस्थेत राज्याच्या कंपनीला दिल्लीतील प्रत्येक दार माहीत असले पाहिजे, आणि त्या दारातून काय मागितले जाणार आहे याची तयारी कोनशिला बसण्याआधी झालेली असली पाहिजे. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा राहिला.

कंपनीचा जन्म नागपूरच्या ‘मिहान’ प्रकल्पासाठी झाला. देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपुरात आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचे केंद्र उभारायचे, त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र वसवायचे आणि विदर्भाच्या अनुशेषावर एक ठोस उत्तर द्यायचे, ही कल्पना त्या काळात आकर्षक होती आणि चुकीचीही नव्हती. चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राचा हा पसारा. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांच्यासारख्या कंपन्या तेथे आल्या. बोइंगने उभारलेले आणि पुढे एअर इंडियाकडे गेलेले विमान दुरुस्ती केंद्र तेथे आहे. राफेलच्या निमित्ताने गाजलेल्या दासो-रिलायन्स कारखान्याची कोनशिला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तेथेच बसली. हे सारे खरे असले, तरी ज्या मालवाहतुकीच्या केंद्रावरून प्रकल्पाला नाव मिळाले आणि ज्या दुसऱ्या धावपट्टीवर त्याची भिस्त होती, त्या दोन्ही गोष्टी मागे पडल्या. हवाई दलाच्या जमिनीची अदलाबदल, शिवणगावचे रखडलेले पुनर्वसन, दरांवरून झालेले वाद यांत वर्षे गेली. कंपनीच्या हाती उरले ते भूखंड. मग जमीन विकसित करणे, ती उद्योगांना देणे आणि त्यातून येणाऱ्या पैशावर गाडा हाकणे, हाच तिचा मुख्य व्यवसाय झाला. विमानतळ हा त्या व्यवसायाचा दर्शनी भाग तेवढा राहिला.

नागपूरच्या विमानतळाचीच कथा पाहावी. २००९ च्या ऑगस्टमध्ये तो केंद्राच्या प्राधिकरणाकडून ‘मिहान इंडिया’ या संयुक्त कंपनीकडे आला. तीत राज्याच्या कंपनीचा वाटा ५१ टक्के आणि प्राधिकरणाचा ४९ टक्के. देशात राज्याच्या कंपनीने बहुमताच्या भागभांडवलासह मोठा, चालता विमानतळ हाती घेण्याची ही दुर्मीळ संधी होती. पण चालवण्यापेक्षा चालवायला देण्याकडे कल वाढला. खासगी भागीदारासाठी निविदा निघाली. जीएमआर समूहाने आधी ढोबळ उत्पन्नाच्या ५.७६ टक्के आणि वाटाघाटींनंतर १४.४९ टक्के वाटा देऊ केला, आणि २०१९ च्या मार्चमध्ये त्याला तसे कळवण्यात आले. वर्षभराने, मार्च २०२० मध्ये, हीच प्रक्रिया रद्द करण्यात आली. कारण वाटा कमी वाटू लागला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये हे रद्द करणेच रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि केंद्र व प्राधिकरणाने दाखल केलेली उपचारात्मक याचिकाही सप्टेंबर २०२४ मध्ये निकाली निघाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये करारावर सह्या झाल्या. विमानतळ खासगी हाती द्यावा की नाही, यावर दुमत असू शकते. परंतु द्यायचा म्हणून ठरवून, दिला म्हणून कळवून, मग नाही म्हणून न्यायालयात हरण्यात साडेपाच वर्षे घालवणे याचे समर्थन कोणत्याही विचारसरणीतून करता येत नाही. त्या काळात विमानतळाच्या विस्ताराचे घोडे जागीच उभे राहिले. यातील निर्णायक पदांवर राज्याचे अधिकारी होते आणि केंद्राचेही होते. म्हणून येथे दिल्ली विरुद्ध मुंबई हे नेहमीचे रूपक चालत नाही. दोघांनी मिळून केलेला हा विलंब आहे.

कंपनीच्या पदरात केवळ अपयशच आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शिर्डीचा विमानतळ हे तिचे खरे काम. कोपरगाव तालुक्यातील काकडीच्या माळावर शून्यातून उभा राहिलेला हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. साईबाबांच्या दर्शनासाठी देशभरातून येणारा भाविक हा हमखास प्रवासी. त्यामुळे अनुदानाच्या टेकूशिवाय उभा राहू शकणारा हा राज्यातील मोजक्या लहान विमानतळांपैकी एक. दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथून विमाने येऊ लागली. पण या यशातही जुने दुखणे डोके वर काढतेच. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये धुक्यामुळे आणि ढगाळ हवेमुळे दृश्यमानता घटली, तर विमान सुरक्षित उतरवणारी उपकरणाधारित यंत्रणाच नसल्याने सुमारे महिनाभर विमानसेवा ठप्प झाली. मुहूर्त साधण्यासाठी इमारत उभी राहिली होती, यंत्रणा नंतर यायची होती. रात्री प्रवासी विमान उतरण्यासाठी मार्च २०२५ चा अखेर उजाडावा लागला. म्हणजे उद्घाटनानंतर साडेसात वर्षे. ज्या गावाने जमीन दिली त्या काकडीच्या ग्रामपंचायतीला आपल्या करासाठी तगादा लावावा लागला, ही बाब आकड्याने लहान असली तरी बोलकी आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ६४५ कोटी रुपयांच्या नव्या टर्मिनलचे भूमिपूजन झाले. टर्मिनल मोठे होईल. प्रश्न इमारतीच्या आकाराचा कधीच नव्हता.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची कहाणी याहून लांबलेली. १९९० च्या दशकातली धावपट्टी, मग हस्तांतरणे, मग विस्ताराच्या घोषणा, मग निधीची प्रतीक्षा, आणि अखेर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले एटीआर जातीचे पहिले विमान. १,८५० मीटरची धावपट्टी या जातीच्या विमानाला पुरते. मोठ्या विमानाला पुरत नाही. एका विभागीय मुख्यालयाला विमान मिळायला इतकी वर्षे लागली, याचे खापर कंपनीवर एकटीवर फोडता येणार नाही. अर्थसंकल्पात थोडे थोडे पैसे ठेवायचे, निवडणूक जवळ आली की थोडे अधिक ठेवायचे, ही राज्य सरकारांची पद्धत पक्षनिरपेक्ष आहे.

पण यापेक्षाही गंभीर प्रश्न आहे तो एका विषयाला असलेल्या अनेक मालकांचा. राज्यात विमानतळांचा कारभार किती हातांत आहे हे मोजले तर थक्क व्हायला होते. शिर्डी, अमरावती आणि नागपूरमधील हिस्सा विमानतळ विकास कंपनीकडे. नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव आणि यवतमाळ हे पाच विमानतळ औद्योगिक विकास महामंडळाने २००९ मध्ये एकूण ६३ कोटी रुपयांत ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला दिलेले. सिंधुदुर्गातील चिपी त्याच महामंडळाने दुसऱ्या खासगी कंपनीकडे सोपवलेला. नवी मुंबई सिडकोच्या भागीदारीत. नाशिकजवळचा ओझर हिंदुस्थान एरोनॉटिक्स या केंद्राच्या संरक्षण उत्पादक कंपनीचा. कोल्हापूर, जळगाव, अकोला, गोंदिया, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर केंद्राच्या प्राधिकरणाचे, तर रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे पुरंदरचा घाट घातला गेला. तर त्यासाठी २०१८ मध्ये ठरलेल्या रचनेत सिडकोचे ५१ टक्के, विमानतळ विकास कंपनीचे १९ टक्के आणि औद्योगिक महामंडळ व पुणे महानगर प्राधिकरण यांचे प्रत्येकी १५ टक्के. जिच्या नावात विमानतळ आहे ती कंपनी पुण्याच्या नव्या विमानतळात पाचव्या हिश्शाचीही मालक नाही. पुढे भूसंपादनाचे काम औद्योगिक महामंडळाकडे आले आणि मे २०२५ मध्ये ड्रोन मोजणीवरून सात गावांतील शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले. त्या गावकऱ्यांनी नेमके कोणत्या दारात जाऊन भांडायचे?

या विखुरलेल्या नकाशावर राजकीय नकाशा ठेवून पाहिला तर दोन्ही बऱ्याच अंशी जुळतात. लातूर, नांदेड, बारामती, गोंदिया ही नावे घेताच त्या त्या काळातील नेत्यांची नावे आपोआप ओठांवर येतात. नेत्याने आपल्या भागासाठी विमानतळ आणणे यात गैर काही नाही. लोकशाहीत विकास असाच खेचून आणला जातो. दोष असा की धावपट्टी नेत्याच्या वजनावर बांधता येते, पण विमानसेवा त्या वजनावर टिकत नाही. नांदेडला २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने विमानतळाचे रूप पालटले, कारण देशविदेशांतून भाविक येणार होते. सोहळा संपला, विमानांची ये-जा रोडावली. भाडेपट्ट्याने दिलेल्या पाच विमानतळांपैकी बहुतेकांवर नियमित प्रवासी सेवा नांदलीच नाही, आणि अखेर राज्य सरकारलाच हे विमानतळ परत घेण्याची भाषा विधिमंडळात करावी लागली.

‘उडान’ योजनेने या उणिवेवर उत्तर शोधले. २०१६ मध्ये आखलेल्या या योजनेत कंपनीला ठरावीक मार्गावर काही जागा कमी दरात द्याव्या लागतात आणि होणारी तूट तीन वर्षे सरकार भरून देते. त्या तुटीतील ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याचा. शिवाय विमान इंधनावरील कर राज्याने एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन सेवा विनामूल्य द्यायची. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून पंतप्रधानांनी ज्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यांत नांदेड-हैदराबाद हे विमान होते. महाराष्ट्र पहिल्याच दिवशी नकाशावर आला. पुढे काय झाले? ती कंपनीच बंद पडली. जळगावचे विमान सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. सिंधुदुर्गचे मुंबई विमान ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झाले आणि तीन वर्षांची मुदत सरताच ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडले.

ही केवळ महाराष्ट्राची गत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने योजनेचा ताळेबंद पुढे ठेवला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी ५४ तेवढे टिकून होते. म्हणजे शंभर मार्ग जाहीर केले तर अनुदानाची मुदत संपल्यावर सात उरतात. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित योजनेतून १२० नव्या ठिकाणांची घोषणा झाली तेव्हा या सात टक्क्यांचा उल्लेख झाला नाही. अर्थसंकल्पी भाषणांची ती रीतही नव्हे.

दिल्लीतील मराठी माणसाला या आकडेवारीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ३१ मार्च २०२४ रोजी नांदेडहून विमान थेट गाझियाबादच्या हिंडन तळावर उतरू लागले, तेव्हा मराठवाड्याचे दिल्लीशी असलेले अंतर एका रात्रीतून दोन-अडीच तासांवर आले. राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लातूर-नांदेडची मुले, मंत्रालयांत प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी, गावाकडे म्हातारे आईवडील असलेली नोएडा-गुरुग्रामची कुटुंबे, यांच्यासाठी ही चैन नव्हती. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी उत्तरेत पसरलेल्या गलाई व्यावसायिकांना तर अजूनही पुणे किंवा कोल्हापूर गाठून पुढचा रस्ता धरावा लागतो. या माणसांचा प्रश्न साधा आहे. आज सुरू झालेले विमान तीन वर्षांनी असेल का? त्यावर भरवसा ठेवून मुलीची शाळा, वडिलांचा औषधोपचार, घराचा हप्ता यांची जुळणी करावी का? या प्रश्नाचे उत्तर ना दिल्लीतले मंत्रालय देते, ना मुंबईतली कंपनी.

सोलापूरने तर या धोरणशून्यतेचा धडाच घालून दिला. शहराबाहेर बोरामणी येथे नवा मोठा विमानतळ उभारायचे ठरले. काम विमानतळ विकास कंपनीकडे आले. साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास जमीन घेतली गेली, शेतकऱ्यांनी ती दिली. त्यानंतर माळढोक अभयारण्याशी निगडित वनजमिनीचा पेच सुटेना. मग नजर वळली ती होटगी रस्त्यावरच्या जुन्या विमानतळाकडे. तेथे सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत होती. ती पाडावी की नाही यावरून शहर वर्षानुवर्षे दुभंगले आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती जमीनदोस्त झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले. पहिले नियमित विमान गोव्याला उडाले ते ९ जून २०२५ रोजी. चिमणी पडल्यावर जवळपास दोन वर्षांनी, उद्घाटनानंतर आठ महिन्यांहून अधिक काळाने. बोरामणीत जमीन देणाऱ्याला विमानतळ मिळाला नाही आणि जमीनही गेली. वनजमिनीचा अडथळा भूसंपादनाआधी दिसत नव्हता काय? नकाशावर तो होताच. तो पाहून दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाशी आधी बोलणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही.

तुलनेसाठी दिल्लीकरांना लांब जायला नको. यमुना द्रुतगती मार्गावरील जेवरचा विमानतळ २००१ पासून कागदावर होता. उत्तर प्रदेशानेही त्यासाठी सरकारी कंपनी स्थापन केली. तीत राज्य सरकार आणि नोएडा प्राधिकरणाचे प्रत्येकी साडेसदतीस टक्के, ग्रेटर नोएडा आणि यमुना प्राधिकरणाचे प्रत्येकी साडेबारा टक्के. पण या कंपनीने आपले काम आधीच आखून घेतले: जमीन संपादित करून द्यायची, परवानग्या मिळवायच्या आणि चालवणाऱ्यावर लक्ष ठेवायचे. चालवण्याचे काम २०१९ च्या निविदेत दर प्रवाशामागे ४००.९७ रुपये देऊ करणाऱ्या झुरिक विमानतळ कंपनीकडे गेले. विलंब तेथेही झाला, विस्थापितांच्या तक्रारी तेथेही आहेत. पण भूमिका संदिग्ध नव्हती. दुसऱ्या टोकाला केरळ. कोचीनचा विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला तो राज्य सरकार, वित्तसंस्था आणि आखातातील हजारो मल्याळी गुंतवणूकदार यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीकडून. राज्याचा वाटा तेथे सुमारे एक तृतीयांश. व्ही. जे. कुरियन या सनदी अधिकाऱ्याने तो उभारला आणि पुढेही त्याच्याकडे ती धुरा पुन्हा आली. ही कंपनी विमानतळ स्वतः चालवते, नफा कमावते आणि भागधारकांना लाभांश देते. जेवरची वाट असो की कोचीनची, दोन्ही वाटा चालण्याजोग्या आहेत. दोन्हींच्या मधोमध उभे राहणे मात्र परवडत नाही, आणि महाराष्ट्र तेथेच उभा आहे.

तिसरी वाट तोट्यातील विमानतळांची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत आणि बेटांवर तेथील सरकारच्या मालकीची एक कंपनी अकरा विमानतळ चालवते. त्यांतील एका बेटावर तर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते. हे विमानतळ नफ्यात येतील असे कोणी म्हणत नाही. बेटावरच्या माणसाला रुग्णालय गाठता यावे म्हणून तूट भरायची, ती किती हे जाहीर करायचे आणि दरवर्षी तिचा हिशेब द्यायचा, असा तेथे व्यवहार आहे. नॉर्वेत सरकारी कंपनी ऑस्लोच्या नफ्यातून दूरच्या लहान विमानतळांचा खर्च भागवते. महाराष्ट्रात नफ्याचा विमानतळ मुंबईचा. तो २००६ मध्ये खासगी भागीदारीत गेला आणि त्याच्या उत्पन्नातील सरकारी वाटा केंद्राच्या प्राधिकरणाला मिळतो. पुण्याचे उत्पन्नही प्राधिकरणाचे. राज्याच्या कंपनीच्या वाट्याला उरतात ते तोट्यातले, किंवा नफ्याच्या उंबरठ्यावर अडखळणारे. त्यांची तूट ती भूखंडांच्या पैशातून भरते आणि म्हणून ती कोणाला दिसत नाही. जी तूट दिसत नाही, तिच्यावर विधिमंडळात चर्चा होत नाही. आणि चर्चा होत नाही म्हणून ती कोणत्या विमानतळासाठी योग्य आणि कोणत्यासाठी उधळपट्टी, हे कधी ठरतच नाही.

म्हणून राज्य सरकारने चार गोष्टी करायला हव्यात. पहिली, कंपनीने विमानतळ चालवायचे की केवळ बांधून द्यायचे, याचा लेखी निर्णय करावा. दुसरी, औद्योगिक महामंडळ, सिडको आणि विमानतळ कंपनी यांच्यात विखुरलेले प्रादेशिक विमानतळ एका छत्राखाली आणावेत. परत घेतलेले विमानतळ पुन्हा तिसऱ्याच खात्याच्या गळ्यात मारू नयेत. तिसरी, प्रत्येक विमानतळाचा वार्षिक जमाखर्च, प्रवासी संख्या आणि दर प्रवाशामागे पडणारी तूट अर्थसंकल्पाबरोबर सभागृहासमोर ठेवावी, आणि ‘उडान’ची तीन वर्षे संपल्यावर कोणत्या मार्गाला राज्य स्वतःच्या पैशाने टेकू देणार हे आधीच सांगावे. चौथी, दिल्लीत कंपनीचे कायमस्वरूपी तांत्रिक कार्यालय असावे. मंत्र्यांच्या भेटीची वेळ ठरवणारे नव्हे. महासंचालनालयाच्या त्रुटींच्या यादीला आठवड्याभरात उत्तर देऊ शकणारे, आणि जमिनीच्या पहिल्या नोटिशीआधी वन, संरक्षण व सुरक्षा विभागांची मते घेऊन ठेवणारे.

केंद्राचीही जबाबदारी सुटत नाही. हवाई वाहतूक नियंत्रक आणि उपकरणे प्राधिकरणाने पुरवायची असतील, तर ती केव्हा पुरवणार याची तारीख राज्याला करारात मिळायला हवी. प्रफुल्ल पटेल यांच्यापासून सुरेश प्रभूंपर्यंत अनेक मराठी नेत्यांनी या खात्याची धुरा सांभाळली, आणि जून २०२४ मध्ये पुण्याचे मुरलीधर मोहोळ याच खात्याचे राज्यमंत्री झाले. मराठी मंत्री असला की फाइल हलते, हा समज दिल्लीत वावरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. पण एखादा राज्यमंत्री असेपर्यंतच हलणारी फाइल हा राज्याच्या कारभाराचा आधार असू शकत नाही. मंत्री बदलतात, तळटिपा आणि त्रुटी तशाच राहतात.

पुरंदरच्या सात गावांत जे घडते आहे, त्याकडे या दृष्टीने पाहायला हवे. तेथील शेतकऱ्याला अंजिराची आणि सीताफळाची बाग सोडायला सांगताना, बोरामणीत काय झाले, शिवणगावात काय झाले आणि काकडीत कर कोणी थकवला, याची उत्तरे सरकारजवळ तयार असली पाहिजेत. ती तयार नसतील तर मोजणीचे ड्रोन पुन्हा उडवण्याआधी ती तयार करावीत. विमानतळ हवेतच, आणि ते मुंबई-पुण्यापलीकडेही हवेत. पण त्यांसाठी जमीन देणारा आणि त्यांवरून प्रवास करणारा, या दोघांनाही आपल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कार्यालयात मिळेल हे आज माहीत नाही. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कंपनीने ते कार्यालय आपले आहे, एवढे तरी आता सांगावे.